सुरू होतानाच अडकणारा असेंबल्ड पीसी: दुकानात न्यावा की घरीच उघडावा?

बटण दाबलं, पंखे फिरले, मदरबोर्डचा लोगो आला आणि तिथेच सगळं थिजलं. सेटिंग उघडायला डिलीट दाबा, एफ टू दाबा, काही हलत नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि पुन्हा सुरू करायचं. दुसऱ्या वेळी मात्र सगळं सुरळीत. माझ्याकडे हे तीनपैकी दोन सकाळी तरी व्हायचं. मी आधी दुकान गाठलं, मग घरी बसलो. दोन्हींचा अनुभव सांगतो, म्हणजे ठरवायला सोपं जाईल.

दुकानाची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. त्यांच्याकडे अदलाबदलीसाठी सुटे भाग असतात आणि आपल्याकडे ते नसतात. एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) संशय असेल तर हा फरक मोठा ठरतो. पंखा फिरतोय म्हणजे एसएमपीएस लोडवरही टिकतोय असं नाही, ते दुसरा लावूनच कळतं. प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकली असेल तर तिथेही सरावाचा हात हवा. आणि पीसीवर काहीच दिसत नसेल, घरात दुसरा मॉनिटरही नसेल, तर उगाच घरी झगडण्यात अर्थ नाही.

वेळेचाही हिशोब आहे. दुकानाने माझं मशीन दोन दिवसांत परत दिलं. घरी मला बारा सकाळी लागल्या.

पण त्या दोन दिवसांत काय झालं ते ऐका. डोंबिवलीहून दुपारची लोकल पकडली, दादरला गाडी बदलली आणि चादरीत गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात काउंटरवर ठेवलं, वायरी लावल्या, बटण दाबलं. दहा सेकंदांत विंडोज. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा विंडोज. तिसऱ्यांदाही तेच. काउंटरवरचा मुलगा मनापासून म्हणाला, "सर, इथे तर चालू होतोय." आणि पुढचं वाक्य: "ठेवून जा, विंडोज मारून देतो." म्हणजे फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकून देतो.

मला खटकलं ते हेच, आणि माझा निर्णयही यावरच झाला. माझा बिघाड रात्रभर बंद राहिलेल्या मशीनला, पहिल्याच वेळी यायचा. दुकानात मशीन सकाळी एकदा सुरू होतं आणि टेस्टिंगच्या नावाखाली दिवसभर चालूच राहतं. दिवसातून एकदाच दिसणारा बिघाड तिथे दिसणार तरी कसा? त्या मुलाची चूक म्हणत नाही मी. त्याच्यामागे आणखी दहा कॅबिनेट रांगेत होती. पण न दिसलेल्या बिघाडावर विंडोज मारणं हा इलाज नव्हे. सहाशे रुपये गेले, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागली आणि तिसऱ्या सकाळी मशीन त्याच लोगोवर अडकलं.

खरं तर उत्तर स्क्रीनवरच होतं. लोगोखाली गोल फिरणारे ठिपके आले असतील तर काम विंडोजकडे गेलेलं असतं, मग ड्रायव्हर, विंडोजची डिस्क किंवा एखादं अपडेट बघायचं. ठिपके यायच्या आधीच, तेही डिलीट दाबून दाद न देता मशीन अडकत असेल, तर बहुधा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्रॅम) अजून हार्डवेअर मोजत असतं. विंडोजची पाळीच आलेली नसते. माझ्याकडे ठिपके कधीच दिसले नव्हते. हे आधी लक्षात आलं असतं तर विंडोज मारायला मी नकार दिला असता.

घरची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: जितकं काढता येईल तितकं काढायचं आणि एकेक परत लावायचं. पण ज्यांच्या प्रोसेसरला स्वतःचं डिस्प्ले आउटपुट नाही (इंटेलचे एफ वाले, किंवा रायझन 5600 सारखे), त्यांना ग्राफिक कार्ड काढून चालणार नाही, ते राहू द्या. आणि बोर्ड डीडीआर फाइव्ह या नव्या प्रकारच्या रॅमचा असेल, विशेषतः एएम फाइव्ह (एएमडी प्रोसेसरचं सॉकेट), तर पहिल्यांदा किंवा बायोस रिसेट केल्यावर रॅमचं ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. तेव्हा घाबरून पॉवर बंद करू नका, तो बिघाड नसतो.

मी स्वतःला एकच नियम घातला होता: एका वेळी एकाच भागाची पाळी, आणि ती दोन-तीन सकाळी तपासायची. रात्री प्लगचं बटण बंद करायचं, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच आत शिरायचं. आधी कीबोर्ड सोडून सगळी यूएसबी काढली, कारण एखादा हब किंवा कार्ड रीडर बायोसला अडकवून ठेवतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा लोगो. मग एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसची सेटिंग) बंद केलं, एक रॅम काढली, दुसरी खोडरबरने पुसून प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. माझा सगळा संशय रॅमवर होता. दोन सकाळी बरं चाललं, मी खूश. तिसऱ्या सकाळी लोगो.

मग जुन्या पीसीतून आणलेली एक टीबीची हार्डडिस्क उरली. तिच्यावर विंडोज नव्हतंच, नुसते फोटो आणि जुन्या फाइल. तिच्या दोन्ही केबल काढल्या. सलग चार सकाळी मशीन सरळ सुरू झालं. खात्रीसाठी परत लावली, दुसऱ्याच सकाळी अडकलं. साटा केबल (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) बदलली, तरी तेच. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर पिवळ्या रंगात इशारा होता आणि स्पिन रीट्राय काउंट शून्य राहिलेला नव्हता. म्हणजे डिस्कची मोटर पहिल्या झटक्यात वेग धरत नव्हती. रात्रभर थंड पडल्यावर हे जास्त होत असावं, असा माझा अंदाज. ती उत्तर देईपर्यंत बायोस तिथेच ताटकळत बसायचा. दुकानाने फॉरमॅट केलं ते एसएसडी, म्हणजे विंडोज असलेली वेगळी डिस्क. या डिस्कला कोणी हातही लावला नव्हता.

दुकानातून परत आणलेल्या मशीनपेक्षा हे बारा दिवस मला मोलाचे वाटतात, त्याचं आणखी एक कारण वॉरंटी. असेंबल्ड पीसीला एक मालक कंपनी नसते. रॅमची वॉरंटी एकीकडे, बोर्डाची दुसरीकडे, एसएमपीएसची तिसरीकडे. "पीसी अडकतो" एवढं घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. "ही रॅम एकटी, दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद, तरी अडकते" असं बिलासकट सांगितलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. माझ्या डिस्कची वॉरंटी कधीच संपलेली होती, पण बदलायचं काय ते नेमकं कळलं. फोटो काढून घेतले आणि ती बाजूला ठेवली.

तुमचा प्रश्न वेगळा असू शकतो. बोर्डावर छोटे दिवे असतील (सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेले, म्हणजे अनुक्रमे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड आणि डिस्क) तर अडकताना कोणता पेटून राहतो ते बघा, मोबाइलवर फोटो काढा. सीपीयूचा असेल आणि हात धजत नसेल, तर दुकानच बरं. डीरॅम किंवा बूटचा असेल तर निदान आठवडाभर घरी बसून बघा, असं मी म्हणेन. आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका, प्लग काढलेला असला तरी.

दुकानात न्यायचंच ठरलं तर सोबतीला एक कागद न्या. बाहेर पडण्याआधी मी तोच कॅबिनेटच्या काचेवर चिकटवायला हवा होता: रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिल्यांदा सुरू करताना बघा, सगळ्या डिस्क लावलेल्या असताना बघा, आणि विचारल्याशिवाय विंडोज मारू नका.