एचओ स्टार्टर सेट, पावसाळा ते होळी: सगळं झकास, तो सांधा सोडून

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची (१:८७) मॉडेल रेल्वे. खोक्यात काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. लंबगोल रूळ, चार चाकांचं शंटिंगचं (डबे पुढे-मागे हलवून जोडायचं) इंजिन, तीन वाघिणी म्हणजे मालडबे, कंट्रोलर आणि साइडिंगसाठी, म्हणजे बाजूच्या रुळासाठी, एक सांधा, जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते. त्यामुळे थेट सांध्यावरच येते, कारण माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे.

सांध्याच्या मधोमध, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो फ्रॉग प्लास्टिकचा आहे. गाडीला करंट रुळांतून मिळतो आणि तिथे तो नसतो. आठ चाकांच्या डिझेलला ते जाणवतही नाही, कारण बाकीची चाकं करंट घेत राहतात. सेटमधल्या इंजिनाला चाकंच चार. एक प्लास्टिकवर गेलं आणि दुसऱ्याखाली कणभर मळ असला की गाडी जागच्या जागी ठप्प. जोरात सोडली तर निघून जाते, पण शंटिंग जोरात कोण करतं? शंटिंगचं इंजिन द्यायचं आणि त्याच खोक्यात शंटिंगला नालायक सांधा घालायचा, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी स्वतः एकदा तरी साइडिंगला वाघीण लावून बघितली होती का, असा मला प्रश्न आहे.

दुकानाला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘रूळ स्वच्छ ठेवा.’ अहो, ठेवतोच! आमचा सहा बाय चारचा प्लाय हॉलमध्ये आहे, बिजागऱ्यांवर उचलून भिंतीला लागतो, आणि स्वयंपाकघर उघडं. फोडणीचा तेलकट थर रुळांवर बसतो हे मान्य. दर रविवारी जुन्या बनियनच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसले जातात. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी धरतो. पुसल्यावर रुळावर मऊ ग्राफाइटची पेन्सिल हलकीशी फिरवली की करंट बरा मिळतो. एवढं करूनही प्लास्टिकचं काही धातू होत नाही.

हे पुसायचं काम माझं नाही, आमच्या ह्यांचं आहे. छंद मात्र माझा. मी मनमाडची, वडील रेल्वेत, त्यामुळे शंटिंगच्या आवाजात झोपायची सवय. ह्यांचा जन्म बँकेत गेला. ह्यांना इंजिनातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. पण जाऊबाई ‘या वयात खेळणी?’ म्हणाल्या तेव्हा हेच म्हणाले, ‘सोन्यापेक्षा स्वस्त पडतंय, बोलू नका.’ तसं स्वस्तही नाही म्हणा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं आणि आपल्या गाड्या खेळण्यांतच धरल्या जातात. किंमत बघून मी खोकं दोनदा दुकानात परत ठेवलं होतं. तिसऱ्यांदा ह्यांनी कार्ड पुढे केलं.

सुरुवातीला गाडी नुसती गोल फिरायची आणि तेव्हा सांध्याचा एवढा त्रास नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्रास सुरू झाला तो ह्यांच्या रजिस्टरमुळे. गाडी रिकामीच फिरते हे बँकेतल्या माणसाला बघवेना. त्यांनी प्रत्येक वाघिणीचं कार्ड केलं: माल काय, कुठून, कुठे. कांदा लासलगावहून, साखर कोपरगावहून. संध्याकाळी सातला चहा घेऊन बसायचं, कार्डं पिसायची आणि निघेल ती वाघीण साइडिंगला लावायची. परदेशात लोक याच पद्धतीने गाड्या चालवतात हे त्यांना मी नंतर सांगितलं, तर म्हणाले, ‘मग, हिशेब सगळीकडे सारखाच!’ मजा दसपट झाली. पण आता दर फेरीला सांधा ओलांडायचा म्हणजे दर फेरीला इंजिन अडणार आणि हे खुर्चीतून उठून बोटाने ढकलणार. एकट्याने गोल गोल फिरवायची असेल तर हा सेट डोळे मिटून घ्या. दोघांनी खेळायचं असेल तर पुढचंही वाचा.

दिवाळीत व्होल्टेज वरखाली झालं आणि कंट्रोलरचा अडॅप्टर गेला. दुकान म्हणालं, वॉरंटी परदेशी कंपनीची, आम्ही नुसते विक्रेते. पाडव्याला ओवाळणीत ह्यांनी मला आठ चाकांचं डिझेल इंजिन दिलं आणि ते चालवायला घरात करंट नाही! त्या चिडीत सेवेला एक तारा लिहून ठेवला होता.

इथवरचं सगळं संक्रांतीला लिहिलेलं. आता दोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली, अडॅप्टर बदलून मिळाला, फुकट. माझ्या आठ-दहा मेसेजांनी झालं नाही ते ह्यांच्या एका पत्राने झालं. बिलाचा क्रमांक, तारीख, ‘विषय’, ‘संदर्भ’, खाली ‘आपला विश्वासू’. दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. सेवेचे तारे एकावरून अडीच. पत्र लिहिणारा नवरा प्रत्येकीला असतोच असं नाही, म्हणून तीन देत नाही.

दुसरी, धातूच्या फ्रॉगचा सांधा वेगळा विकत आणला. एका वाघिणीपेक्षा महाग, शिवाय खाली कॉर्क घालून सेटच्या रुळांशी उंची जुळवावी लागली. धातूचा फ्रॉग नुसता बसवून चालत नाही. गाडी ज्या रुळावर वळवाल त्या बाजूची पोलॅरिटी (धन की ऋण) फ्रॉगला मिळाली पाहिजे, नाहीतर शॉर्ट होतं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून साधा स्लाइड स्विच आणला. त्याच्या दांडीला तार बांधली, तीच तार सांध्याची पाती सरकवते आणि त्याच हालचालीत पोलॅरिटीही बदलते. तारांना सोल्डरिंगचे डाग मी दिले, टॉर्च घेऊन बोर्डाखाली हे आडवे झाले. आता इंजिन मुंगीच्या पावलाने सांधा ओलांडतं. म्हणजे इंजिन पहिल्यापासून उत्तम होतं. माझ्या मनातले त्याचे तारे तीनवरून पाच झाले आणि कंपनीवरचा राग दुप्पट.

बाकी थोडक्यात. वाघिणींची चाकं सरळ, कपलिंग एका झटक्यात लागतं, इंजिनाचा आवाज पंख्यापेक्षा कमी. पावसाळ्यात प्लाय किंचित फुगला, पण त्यात सेटचा दोष नाही. भारतीय इंजिन यावर चालवायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा: १:८७ मध्ये आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं १६७६ मिलिमीटरचं अंतर, १९ च्या वर जातो आणि हे रूळ १६.५ चे. समोरून पाहिलं की फरक दिसतो. माझ्या लक्षात आला नव्हता, ह्यांनी पट्टी लावून दाखवला.

आणि तिथेच गाडी दुसऱ्या रुळावर गेली. ह्यांचं आजोळ बार्शी. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ते ८७ ने भागलं की पावणेनऊ येतं आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. हा भागाकार ह्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर केला, खाली रूळ, एक इंजिन, दोन डबे असं अंदाजपत्रकही मांडलं. बेरीज बघून मीच म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा.