पायात शेडी लागली: क्लॉज 38 की एक्स्ट्रा आयटम?

कोकणात वरचा कातळ फोडला की खाली शेडी (जांभ्याखालचा मऊ, मातकट थर) लागणार, हे गवंड्यालाही ठाऊक असतं. नकाशात मात्र साकवाचा पाया दीड मीटरवरच थांबलेला असतो. वर्क ऑर्डरनंतर खोली वाढली, तर ते काम कुठल्या वाटेने बिलात आणायचं हे काँक्रीट ओतण्याआधी ठरवा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 करारात (अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर-खाली ते भरायचा करार) दोन वाटा आहेत. निविदेतल्या विशेष अटी मात्र आधी वाचा, त्यांत फेरफार असू शकतो.

बाब निविदेतलीच आहे, फक्त परिमाण वाढलंय, तर क्लॉज 38. पंचवीस टक्क्यांपर्यंतची वाढ मूळ दरानेच, तिथे वाद घालून उपयोग नाही. त्यापुढच्या परिमाणाची रक्कम निविदेच्या दराने 5,000 रुपयांच्या वर गेली, तर चालू दरसूचीचा दर लागतो. पण तुमचा बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा जितके टक्के कमी भरलेत ते, त्यालाही चिकटतो.

समजा, एम-20 काँक्रीट 40 घनमीटर, अंदाजपत्रकी दर 6,000 आणि तुमचं टेंडर 15 टक्के बिलो, म्हणजे 5,100. प्रत्यक्षात 72 घनमीटर लागलं. पहिल्या 50 घनमीटरला 5,100. उरलेल्या 22 साठी चालू दर 6,600 असेल, तर बिलो वजा जाता 5,610. मूळ दरापेक्षा जास्तीचे मिळाले फक्त 11,220 रुपये. पंचवीस टक्के बिलो भरून ‘तोटा 38 मध्ये भरून काढू’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

निविदेत मुरूम आणि मऊ खडकाचीच खोदाई आहे आणि खाली काळा पाषाण निघाला, तर ती नवी बाब, म्हणजे एक्स्ट्रा आयटम: क्लॉज 14. विभागाच्या दरसूचीतला दर किंवा दोघांनी मान्य केलेला दर, यातला कमी असेल तो मिळतो. दरसूचीत नसलेल्या बाबीचा दर आधी ठरला नसेल, तर आदेश मिळाल्यापासून 7 दिवसांत तुमचा दर लेखी कळवायचा. सोबत रेट ॲनालिसिस जोडा: ब्रेकरचे तास, डिझेल, मजूर, वाहतूक. दर पटला नाही तर साहेब (कामाचे प्रभारी अभियंता) आदेश रद्द करू शकतात. पण दर ठरण्याआधीच ब्रेकर लावलात, तर त्या कामाला तेच ठरवतील तो दर घ्यावा लागतो. वाद झाला तर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम.

आमचं मत स्पष्ट आहे. बाब तीच असेल तर 38 घ्या, पैसे थोडे पण वाट सरळ. तीच बाब नवं नाव देऊन 14 मध्ये बसवायला गेलात की ऑडिटला सापडते. पाणी उपसण्याचा वेगळा दर मागणाऱ्यांचं हमखास असं होतं: बाबीच्या वर्णनात ‘पाणी उपसण्यासह’ आधीच लिहिलेलं असतं.

वाडीवाल्यांनी आणखी 40 मीटर संरक्षक भिंत मागितली, तर ती ना 38, ना 14. प्रशासकीय मान्यतेत नसलेली लांबी वेगळ्या अंदाजपत्रकात आणि वेगळ्या निविदेतच जाऊ द्या, नाहीतर भिंत उभी आणि बिल अडकलेलं.

वाट कुठलीही असो, बुडतं ते मोजमाप. शेडी भिजली की चिखल होते, बाजू ढासळतात आणि जूनच्या एका रात्रीत खड्ड्याचं तळं होतं. मग खोली सिद्ध कशी करणार? पाया उघडा असतानाच शाखा अभियंत्यासोबत लेव्हल घ्या, थर कुठे बदलला ते एमबीत (मोजमाप पुस्तकात) लिहून घ्या, स्टाफ (मोजपट्टीचा दांडा) उभा धरलेला फोटो काढा. ‘करून टाका, नंतर बघू’ हे तोंडी सांगणं साइट ऑर्डर बुकात उतरवून सही घ्या. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्दाला धनी उरत नाही.

आणि मुदतवाढ विसरू नका. क्लॉज 6 प्रमाणे अडथळा आल्यापासून 30 दिवसांत, आणि मूळ मुदत त्याआधी संपत असेल तर ती संपण्यापूर्वी, कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. वाढीव कामाचा आदेश आणि मुदतवाढीचा अर्ज एकाच दिवशी आवक करून पोच घ्या.