ताण मोजणारे घड्याळ: सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गणपतीच्या आठवडाभर आधी दादर पश्चिमेच्या एका दुकानातून मी ७,४०० रुपयांना एक स्मार्ट घड्याळ घेतले. पावले मोजण्याची मला हौस नव्हती. घेण्याचे कारण त्यातला ताणाचा आकडा. शून्य ते शंभर अशी मोजपट्टी, हिरव्यापासून लालपर्यंत रंग, आणि मर्यादा ओलांडली की मनगटावर थरथर. मी रोज डोंबिवलीहून दादरला आणि तिथून पूल ओलांडून लोअर परळला जाते, एका विमा कंपनीच्या दावे विभागात माझे चौदावे वर्ष चालू आहे. गेले वर्षभर सकाळी उठतानाच जबडा आवळलेला असे, दुपारी डबा खाल्ला की आम्लपित्त उसळे, आणि रात्री अडीचच्या सुमारास जाग ठरलेली. हे नेमके काय चालले आहे ते कळावे, एवढ्यासाठीच ही खरेदी होती, त्यामुळे परीक्षणही त्याच कसोटीवर लिहिते आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

दुकानातल्या विक्रेत्याने ‘मॅडम, हे कॉर्टिसॉल पण दाखवतं’ असे छातीठोकपणे सांगितले होते. ते खरे नाही. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक, आणि ते तपासण्यासाठी सहसा रक्ताचा, लाळेचा किंवा लघवीचा नमुना द्यावा लागतो. घड्याळ मोजते ते दोन ठोक्यांमधले अंतर. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो कमी-जास्त शोषला जातो, आणि त्यावरून हे अंतर काढले जाते. निरोगी हृदयाचे ठोके एकसारख्या अंतराने पडत नाहीत. श्वास आत घेताना ते किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात. धोका जाणवला की शरीराला सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था सूत्रे हाती घेते, ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते आणि ही बारीक अनियमितता कमी होते. घड्याळाचा ‘ताण’ म्हणजे या अनियमिततेवरून बांधलेला अंदाज.

अंदाज म्हणून तो वाईट नाही, पण शरीर कशामुळे पेटले आहे हे त्याला कळत नाही. दादरचा पूल धापा टाकत चढून मी फलाटावर उभी राहिले की आकडा रोज सत्तरीच्या पुढे. गणपतीत झांजा खाली ठेवून प्रसाद वाटायला बसले तेव्हा तो ८८ होता, आणि त्या क्षणी माझ्याइतके सुखी घरात कोणी नसेल. उलट वार्षिक आढाव्याच्या बैठकीत, जिथे माझे तळहात घामाने ओले झाले होते, तिथे त्याने ६१ दाखवले. अडचण इथेच संपली असती तर मी सवयीने समजून घेतले असते.

खरी उणीव फेब्रुवारीत लक्षात आली. त्या आठवड्यात एका मृत्यूदाव्याच्या फाइलवर मी ‘कागदपत्रे अपुरी’ असा शेरा मारून पुढची फाइल उचलली. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी संध्याकाळी ती परत आणून दाखवली, तर सगळे कागद क्रमाने लावलेले होते. मी ते पाहिलेच नव्हते, आणि चूक कळल्यावर मला काही वाटलेही नाही. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत मी अंथरुणातून उठले नाही. दोन्ही दिवशी घड्याळ हिरवे होते, रविवारी तर आकडा १९. त्याच्या हिशेबाने मी विश्रांत अवस्थेत होते.

‘बर्नआउट’ हा शब्द या अर्थाने रूढ होण्याची सुरुवात १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाच्या लेखाने झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याची तीन अंगे सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. यातली शेवटची दोन मनगटावर कुठे दिसणार? तात्कालिक ताणात समोर कारण असते, ते सरले की नाडी उतरते. चिंतेत कारण समोर नसतानाही शरीर सज्ज राहते. आणि ही तिसरी अवस्था, म्हणजे बर्नआउट, माझ्या बाबतीत तर शरीर शांत दिसत असताना आली. घड्याळाचे उपयोजन (ॲप) मात्र या तिघांना एकाच लाल-हिरव्या पट्टीवर बसवते.

श्वसनाची सोय हा त्याचा सर्वोत्तम भाग आहे. मनगटावरच्या मंद थरथरीच्या तालावर मिनिटाला साधारण सहा श्वास घ्यायचे. लेडीज डब्यात उभ्यानेही जमते आणि जबडा खरोखर सैल पडतो. त्यानंतर आकडा झपाट्याने उतरतो, याचे मला पहिले काही दिवस फार कौतुक होते. पण संथ श्वासाने ठोक्यांमधला चढउतार थेट वाढतो आणि घड्याळ नेमके तेच मोजते. शिकवणी घेणाऱ्यानेच पेपर तपासावा, त्यातला हा प्रकार आहे.

इशाऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. वरिष्ठांसमोर बोलत असताना ‘तुमचा ताण वाढला आहे’ अशी थरथर झाली की उरलेला धीरही जातो. झोपेच्या गुणांचे तेच. सकाळी डोळे उघडताच मी आधी आकडा पाहू लागले, आणि तो ५४ असला की दिवसभर झोप अपुरी झाल्यासारखे वाटे. परिपूर्ण झोपेच्या आकड्यामागे लागून झोप बिघडवणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दच सुचवला होता, हे नंतर वाचनात आले.

मार्चमध्ये ठाण्याच्या पुढे गाडीत छातीत धडधड सुरू झाली तेव्हा घड्याळाने पुन्हा श्वसनाचाच सल्ला दिला. मी दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड आणि रक्त तपासायला लावले. ईसीजी आणि थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन ९.२ आले. म्हणजे ज्या थकव्याचे मी सगळे खापर कचेरीवर फोडत होते, त्यातला काही वाटा लोहाच्या कमतरतेचा होता. गोळ्या चालू आहेत, समुपदेशकाकडेही जाते आहे. उपयोजनातल्या ‘मदत’ या पानावर आजही परदेशातला दूरध्वनी क्रमांक आहे, आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा मराठीतूनही मिळत असताना.

पाचपैकी अडीच तारे. श्वसनासाठी आणि नाडीसाठी घ्यायचे तर घ्यावे, याहून निम्म्या किमतीतही ते मिळते. मी ताणाचे आणि झोपेचे इशारे बंद करून ठेवले आहेत. पट्टा सहाव्या महिन्यात तडकला, हमीत बसत नाही असे उत्तर आले. स्टेशनबाहेर दीडशे रुपयांना घेतलेला पट्टा मूळच्यापेक्षा मऊ आहे आणि त्याने मनगटाला खाजही येत नाही.