लोगो दिसतोय ना? मग ‘चिप गेली’ ऐकून पैसे देऊ नका

लॅपटॉपवर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारं सॉफ्टवेअर, टाकताना स्क्रीन काळी होते, माणूस घाबरून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचं दुरुस्तीचं दुकान गाठतो आणि काउंटरवर पाच मिनिटांत ऐकतो: “ग्राफिक्सची चिप गेली, रीबॉलिंग करावं लागेल, ठेवून जा.” रीबॉलिंग म्हणजे चिप उतरवून नव्या सोल्डरने पुन्हा बसवणं. दोन दिवसांनी 6500 रुपये मोजून लॅपटॉप घरी येतो, चालूही होतो, म्हणून फसल्याचं कळतच नाही. चिपला कुणी हातही लावलेला नसतो. नुसता ड्रायव्हर काढलेला असतो.

घराबाहेर पडण्याआधी बघा, बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो उमटतो का? लोगो दिसून विंडोज सुरू होताना अंधार होत असेल, तर पॅनल, केबल आणि बॅकलाइट शाबूत आहेत. लोगोच्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर चढलेलाच नसतो.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ‘बीप’ आला तर विंडोज जिवंत आहे. तरी स्क्रीन काळीच राहिली, तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं तीनदा केलं की दुरुस्तीचा मेनू येतो. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग 4 दाबून सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. मध्येच बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, 48 अंकी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, मोबाइलवरून सापडते. इथे अडकूनच बरेच जण दुकानात जातात.

सेफ मोडमध्ये डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर्स, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हरसकट अनइन्स्टॉल करा. वायफाय बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवेल. नंतर मॉडेल नंबर टाकून लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरचा घ्या.

हा ड्रायव्हर टाकूनही पुन्हा अंधार झाला, तर मात्र चिपवर संशय रास्त आहे. पण खऱ्या रीबॉलिंगमध्ये चिप बोर्डावरून उतरवतात, जुनं सोल्डर साफ करतात, स्टेन्सिलने नवे गोळे बसवतात. नुसती हीट गन फिरवली तर लॅपटॉप काही दिवस चालतो आणि पुन्हा बसतो. म्हणून चिप उतरवलेल्या बोर्डाचा फोटो आधीच मागून ठेवा; खरं काम करणारा कारागीर तो कुरकुर न करता पाठवतो.

लॅपटॉप ठेवायचाच असेल तर जॉबशीटवर, म्हणजे दुकानाच्या पावतीवर, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) आणि रॅमचे सीरियल नंबर लिहून घ्या. बिल पक्कं मागा. दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा तेच जॉबशीट लागतं.