ब्रोकर ॲपमधला डिव्हिडंड टॅब: रोज वापरतोय, एक दुरुस्ती मात्र हवीच

मी वापरतो त्या ब्रोकर ॲपमध्ये प्रत्येक शेअरच्या पानावर आता डिव्हिडंडचा (म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरमागे वाटते त्या पैशाचा) वेगळा टॅब आलाय आणि डिव्हिडंडसाठी शेअर घेणाऱ्या प्रत्येकाने तो उघडून बघावाच असं मला मनापासून वाटतं. आधी वर नुसता यील्डचा एक आकडा असायचा, 6% 7% दिसलं की लोक खूश. पण यील्ड म्हणजे वर्षभराचा डिव्हिडंड भागिले आजचा भाव, एवढंच. कंपनीने काहीही वाढवून दिलं नाही आणि भाव निम्म्यावर आला तरी यील्ड दुप्पट दिसणार! स्क्रीनर (अटी टाकून शेअर गाळणारं टूल) लावून जास्त यील्डचे शेअर शोधले की नेमके असेच पडलेले शेअर सगळ्यात वर येऊन बसतात.

म्हणून या टॅबमधला दर तिमाहीच्या डिव्हिडंडचा चार्ट मला फार आवडला. क्राफ्ट हाइन्झ ही अमेरिकन खाद्यपदार्थांची कंपनी उघडून बघा. भाव 2017 पासून घसरत होता, तिमाही डिव्हिडंड मात्र शेअरमागे 62.5 सेंटवर तसाच, त्यामुळे 2019 च्या सुरुवातीला यील्ड 5% च्या वर गेलेलं आणि बघणाऱ्याला वाटावं काय मस्त शेअर आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने 15 अब्ज डॉलरच्या वर राइट-ऑफ दाखवला (म्हणजे मालमत्तेची हिशेबातली किंमत तेवढी कमी केली), डिव्हिडंड 40 सेंटवर आणला आणि दुसऱ्या दिवशी शेअर पाव भागाहून जास्त पडला. चार्टमध्ये तिथे बार एकदम खाली येतात आणि पुढे वर्षानुवर्षं 40 वरच थांबलेले दिसतात, हे नुसत्या यील्डच्या आकड्यात कधीच कळलं नसतं. याउलट कोका-कोला बघा, साठहून जास्त वर्षं दरवर्षी डिव्हिडंड वाढतोय, बार थोडे थोडे वरच चाललेत. यील्ड डोळे दिपवणारं नाही, पण मला विचाराल तर मी असाच चार्ट आधी शोधतो.

स्प्लिटचं ॲडजस्टमेंट (शेअरचे तुकडे झाले की जुना डिव्हिडंडही त्याच प्रमाणात कमी करून दाखवणं) पण बरोबर केलंय, हे मी मुद्दाम तपासलं. ॲपलचा ऑगस्ट 2020 मध्ये एका शेअरचे चार असा स्प्लिट झाला, त्याआधी डिव्हिडंड 82 सेंट होता, टॅबमध्ये तो 20.5 सेंट दिसतो. हे केलं नसतं तर नव्या माणसाला वाटलं असतं की कंपनीने डिव्हिडंड पाऊणने कापला.

आता तक्रार. स्पेशल डिव्हिडंड (एखाद्या वेळी दिलेला जादा डिव्हिडंड) वेगळा दाखवतच नाहीत, नेहमीच्या डिव्हिडंडमध्येच मिसळून टाकतात. कॉस्टकोने जानेवारी 2024 मध्ये शेअरमागे 15 डॉलर स्पेशल दिला, तेव्हा तिमाही डिव्हिडंड होता 1.02 डॉलर! वार्षिक चार्टवर 2024 चा बार डोंगराएवढा आणि 2025 मध्ये सगळं कोसळल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात नेहमीचा डिव्हिडंड आधी 1.16 आणि मग 1.30 असा वाढलाय. मागच्या 12 महिन्यांवर काढलेल्या यील्डमध्ये असा एखादा स्पेशल आला की आकडा काही पटींनी फुगतो, आणि वर दिसतो तो हाच आकडा. वेगळा रंग दिला तरी काम होईल हो.

पेआउट रेशो, म्हणजे कमाईतला किती भाग डिव्हिडंड म्हणून वाटला, तो पण 'आणखी' मध्ये दडवून ठेवलाय, तो यील्डच्या शेजारीच हवा. कंपनी कमाईपेक्षा जास्त डिव्हिडंड देत असेल तर पैसा साठ्यातून नाहीतर कर्जातून येतोय, मग ते किती दिवस चालणार. त्यातही रेशो फक्त नफ्यावर काढलाय, मोठ्या राइट-ऑफमुळे एखाद्या वर्षी नफाच उरला नाही तर तो आकडा निरुपयोगी, फ्री कॅश फ्लोवर (खर्च आणि गुंतवणूक भागवून हातात उरलेल्या रोख पैशावर) काढलेला असता तर जास्त भरवसा ठेवता आला असता.

एक्स डेटची (त्या दिवशी किंवा नंतर शेअर घेतला तर तो डिव्हिडंड मिळत नाही) आठवण वेळेवर येते, छान आहे. फक्त ती बघून आदल्या दिवशी धावत शेअर घेऊ नका, एक्स डेटला भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो आणि वर मिळालेल्या डिव्हिडंडवर टॅक्स लागतो तो वेगळाच.

पाचपैकी चार स्टार. स्पेशलचे बार वेगळे केले की पाचवा लगेच देतो.