कोल्ड प्रेस्ड नीम ऑइल: तीन महिने वापरल्यावर

कुंडीतल्या मिरचीला मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) लागला म्हणून हे तेल आणलं, तीन महिने झाले वापरतेय. त्याआधी एकदा पातळ आणि अजिबात वास नसलेलं तेल गळ्यात पडलं होतं, त्याने मावा हललासुद्धा नाही. चांगलं तेल दाट, पिवळसर तपकिरी असतं आणि झाकण उघडलं की लसणासारखा उग्र वास येतो. किडीवर मुख्य काम करतं ते त्यातलं अझाडिरेक्टिन, फार शुद्ध केलेल्या तेलात ते उरतच नाही, म्हणून लेबलवर त्याचं पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलंय का ते आधी बघा. थंडीत तेल गोठलं तर फेकू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवली की परत पातळ होतं.

माझी खरी तक्रार लेबलबद्दल आहे. "पाण्यात मिसळून फवारा" एवढंच लिहिलंय, पण तेल पाण्यात मिसळणार कसं? पहिल्या वेळी वर तवंग आला, पंपातून आधी नुसतं पाणी आलं आणि शेवटी निव्वळ तेल, ते वांग्याच्या कोवळ्या पानांवर पडलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पानं करपली. आता १ लिटर कोमट पाण्यात आधी लिक्विड सोपचे थोडे थेंब, मग ५ मिली तेल, आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं. केलेलं त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं ठेवून उपयोग नाही. नवीन झाड असेल तर आधी दोन पानांवर मारून एक दिवस बघा.

आणि पान उलटं करा हो! मावा पानाच्या मागे आणि शेंड्यात दडून बसतो, वरून कितीही फवारा, त्याला काही होत नाही. पान चिकट लागतं, मावा टाकतो त्या गोड चिकट रसासाठी मुंग्या खोडावरून वरखाली करत असतात, माव्याला राखतातही त्याच. मी आधी पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढते, मग संध्याकाळी फवारते, म्हणजे ऊनही नसतं आणि मधमाश्याही नसतात.

दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून एक स्टार देऊ नका प्लीज. हे तेल किडीचं खाणं कमी करतं, पिल्लांना नीट कात टाकू देत नाही, त्यामुळे वेळ लागतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती साधारण आठवड्यात वाढून पुन्हा पिल्लं घालायला लागतात, म्हणून ५ ते ७ दिवसांनी परत मारावंच लागतं. माझ्या मिरचीचा शेंडा तिसऱ्या फवारणीनंतर सरळ उघडला, इतका आनंद झाला!

सगळ्यावर चालत नाही पण. मोठ्या अळ्या हातानेच वेचाव्या लागतात, टोमॅटोच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, पांढऱ्या माशीसाठी सोबत पिवळे चिकट सापळे लावले. काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर मात्र हात लावू नका, ती लेडीबगची असते आणि मावाच खाते. ती दिसली की मी त्या कुंडीवर फवारतच नाही.

पाचपैकी चार स्टार, एक लेबलसाठी कापला. घ्यायचं असेल तर छोटी बाटली घ्या, जुन्या तेलातलं अझाडिरेक्टिन हळूहळू कमी होत जातं.