केळीच्या हिशेबाला एसक्यूलाइट: दोन्ही बहार काढल्यानंतरचा अनुभव

चार-पाच माणसांच्या धंद्याला वेगळा डेटाबेस सर्व्हर लागत नाही, या मतावर मी आता ठाम आहे. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला आमचे आप्पा शेतकऱ्यांकडून केळी घेऊन गाड्या भरतात. कटाई, काट्याची पावती, गाडीभाडं, मजुरांची उचल, शेतकऱ्याचा चुकारा (मालाचे पैसे) या सगळ्यासाठी मी सुटीच्या दिवशी एक वेब अ‍ॅप लिहिलं. खाली पायथन भाषेतली फ्लास्क ही वेब अ‍ॅपची चौकट आणि एसक्यूलाइट हा वेगळ्या सर्व्हरशिवाय चालणारा डेटाबेस. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही हंगामांचे हिशेब त्यावर निघालेत.

एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणलं. पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे लायसन्सचा प्रश्नच नाही. सगळा डेटा एका फाइलमध्ये. अँड्रॉइड फोनमध्येही हेच असतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हिशेबातल्या ‘बाकी’च्या पानानं. जुन्या वह्यांतल्या पावत्या भरून झाल्या आणि सगळ्या शेतकऱ्यांची बाकी दाखवणारं पान रेंगाळू लागलं. मोठा सर्व्हर घे, असं मित्र म्हणाले. मी आधी त्या क्वेरीपुढे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नापुढे) ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावून तो उत्तर कसं शोधतो ते पाहिलं. उत्तरात ‘स्कॅन’ दिसलं: दर शेतकऱ्यामागे पावत्यांचा अख्खा टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला जात होता. शेतकरी क्रमांक आणि तारीख यांवर मिळून एक इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, टाकला. ‘स्कॅन’च्या जागी ‘सर्च’ आलं आणि पान लगेच उघडू लागलं. तोच जुना कॉम्प्युटर, तोच कोड, वाढली ती फक्त एक ओळ. तेव्हापासून काही हळू वाटलं की मी आधी मोजतो, मगच हात लावतो.

पावत्या भरतानाही असंच. दर पावतीला कमिट केलं, म्हणजे नोंद पक्की केली, तर दर वेळी डिस्कवर पक्कं लिहिलं जाईपर्यंत थांबावं लागतं. अख्खी वही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदम पक्क्या होणाऱ्या गठ्ठ्यात) घातली की काम झटक्यात उरकतं. आणि मध्येच लाइट गेली, जी आमच्याकडे जातेच, तर अर्धवट लिहिलेलं पुढच्या वेळी फाइल उघडताना आपोआप मागे घेतलं जातं. आप्पांचा कॉम्प्युटरवर विश्वास बसला तो याच गोष्टीमुळे.

पान सर्व्हरवरच तयार होतं, साधं एचटीएमएल. बागेत रेंज नावालाच असते, तिथे जड जावास्क्रिप्ट उतरायची वाट कोण बघणार? आप्पा बांधावरून फोन करतात, ‘कालच्या गाडीचं वजन सांग रे भाऊ,’ आणि फोन ठेवायच्या आत मी सांगतो.

आता तक्रारी. पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरं घातली तरी एसक्यूलाइट मुकाट्यानं ठेवून घेतं. 2021 पासून असं न चालवून घेणारे ‘स्ट्रिक्ट’ टेबल आलेत, नवीन काम त्यातच सुरू करा. फॉरेन कीची तपासणी, म्हणजे पावतीवरचा शेतकरी यादीत खरंच आहे का हे बघणं, मुळात बंद असते, ती दर कनेक्शनला चालू करावी लागते. मला हे अजिबात पटलेलं नाही. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. दशांशाच्या बेरजेत चुकाऱ्याला पैशाचा फरक पडतो आणि शेतकरी तो बरोबर पकडतो.

मराठीसाठी खास सांगायचं म्हणजे एफटीएस-5 ही एसक्यूलाइटमधली मजकुरात शब्द शोधायची सोय. तिचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही, तिथेच शब्द तोडतो. ‘केळी’ शोधलं तर ‘काळे’ आडनावाचे शेतकरीही हजर होतात. टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे अशा चिन्हांचे दोन गट वाढवले की शोध नीट चालतो.

एका वेळी लिहिणारा एकच, ही मर्यादा खरी आहे. वॉल मोड (बदल आधी ‘वॉल’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) चालू केला की कोणी लिहीत असतानाही बाकीच्यांना वाचता येतं, आमचं त्यात भागतं. शंभर ठिकाणांहून सतत नोंदी येणार असतील तर पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या. बॅकअपसाठी चालू फाइल नुसती कॉपी करू नका, वॉलमधल्या ताज्या नोंदी सुटू शकतात. ‘व्हॅक्युम इन्टू’ ही पूर्ण प्रत काढणारी आज्ञा वापरा. आमच्याकडे ती रोज रात्री चालते आणि प्रत पेनड्राइव्हवर जाते.